भीतीचं पाणी

दादा,

तुझे हात मी धुतले. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं नीट ऐकशील.

अंगणात तुला फळीवर निजवलं होतं. शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. काकांनी तांब्यातलं थोडं पाणी तुझ्या अंगावर शिंपडलं आणि म्हणाले, "झाली आंघोळ. उचला." मी म्हटलं, "थांबा." बायकांनी अशा वेळी मागं राहायचं असतं, म्हणून कुणीतरी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. मोरीतला तुझा साबण आणला, बादली आणली आणि तुझ्या शेजारी उकिडवी बसले. आधी साबण धुतला, मग हात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट, मग कोपरापर्यंत. तुझ्या पद्धतीने. तुझ्या तळहातांच्या भेगा तेव्हाही उघड्याच होत्या. काका म्हणाले, "सुमन, अगं गेला तो. आता कशाला?"

मी पुन्हा एकदा पाणी घातलं.

गेले काही दिवस आपल्या घरी तुझ्याबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक हसून बोलली जाते. "अरविंद? अरे, तो नोटांना इस्त्री करायचा!" मग कुणीतरी नाण्यांची वाटी आठवतो, जांभळ्या औषधाच्या पाण्यात भिजत घातलेली. कुणाला पाल आठवते. ओट्यावरच्या भिंतीला पाल दिसली म्हणून तू अख्खा स्वयंपाक टाकायला लावलास आणि आईने त्या दिवशी पुन्हा कणीक मळली. दुसरी गोष्ट सुस्कारा टाकून बोलली जाते. "सुटला बिचारा." आणि दोन्हींच्या शेवटी तेच, "एवढे जन्मभर हात धुतले, शेवटी हृदयच बंद पडलं. काय उपयोग झाला?"

मला या माणसांच्या अंगावर चहाचे कप फेकावेसे वाटतात. तुला स्वतःच्या मरणाची भीती होती असं वाटतं यांना. तू ताप अंगावर काढायचास, दुखरी दाढ महिनोन्महिने तशीच ठेवायचास. छातीत दुखतंय हे तर शेवटच्या सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस. तुला भीती होती ती तुझ्या हातून कुणाला काही होईल याची. दाराची कडी, बसचा दांडा, दुकानदाराने दिलेलं सुटं, यातलं काहीतरी तुझ्या बोटांना चिकटून घरात येईल आणि आई मरेल. एवढंच होतं ते. नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या घरात तू बाहेरून आलास की दारातच उभा राहायचास, हात अंगापासून लांब धरून, आणि आई नळ सोडायला धावायची. तू तिच्यासाठीच हात धुवायचास, आणि वैतागायची तीच.

हे कशामुळे सुरू झालं, असंही विचारतात. लहानपणी काही घडलं होतं का? बाबा गेले म्हणून का? प्रत्येकाला एक गोष्ट हवी असते, कडी लावल्यासारखी बंद होणारी. नाही घडलं काही. एखाद्याला दमा असतो, तसं तुला हे होतं. तुझ्या आजारासाठी मी कुणाला कथा पुरवणार नाही.

मला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीस. घरातली एकुलती एक बहीण दिवसभर रक्ताच्या आणि थुंकीच्या बाटल्या हाताळणार! पहिल्या पगाराचे पेढे आणले तर डबा बघून तू दोन पावलं मागे सरकलास. "सुमे, रागावू नकोस. मी नंतर खाईन." मी म्हटलं, "दादा, आमच्याकडे तुझ्यापेक्षा चांगलं धुतात हात." तू गंभीरपणे विचारलंस, "कोपरापर्यंत?" मला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठे गेला. त्या वर्षी राखी बांधताना तू समोर उभा राहून माझे हात धुऊन घेतलेस. पण मनगट पुढं केलंस. ते थरथरत होतं, तरी मागे घेतलं नाहीस. मला ओवाळणीत काय मिळालं ते आठवत नाही, ते थरथरणारं मनगट आठवतं.

अशा माणसाला शिक्षकाची नोकरी मिळाली ती सुरगाण्याच्या डोंगरातल्या आश्रमशाळेत. सगळे म्हणाले, जाणार नाही हा. काका म्हणाले, "ओळखीने बदली करून घेऊ. त्याला तिथं जमायचं नाही." तू ट्रंक भरलीस. निम्मी ट्रंक साबणाने भरली होती. जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात हे कळल्यावर तुझा चेहरा पांढरा पडला. पहिल्या प्रवासात तू आत बसलाच नाहीस. मागच्या फळीवर उभा राहून, दांड्याला रुमाल गुंडाळून, घाटातली सगळी वळणं लटकत गेलास. पडला असतास तर मेला असतास. त्याची तुला भीती वाटली नाही, म्हणे.

आणि तू तिथं राहिलास. वर्षानुवर्षं राहिलास. हे कुणी बोलत नाही.

सुरतेत प्लेग आला ते वर्ष आठव. नाशकात तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय माणूस बाहेर पडत नव्हता. औषधांच्या दुकानांतून गोळ्या संपल्या. तुला हसणारे आपले शेजारी पाकिटातल्या नोटा उन्हात वाळवायला लागले. आई एकच म्हणत होती, "त्याला घरी बोलाव. तिकडून सुरत जवळ आहे, त्याला आता वेड लागेल." मी निरोप धाडला. तू आला नाहीस. दिवाळीला आलास, तेव्हा तुझे हात पाहून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. कातडी सोलून निघाली होती. मी लॅबमधून आणलेलं मलम लावत होते आणि तू अगदी साध्या आवाजात सांगत होतास.

दोन शिक्षक रजा टाकून निघून गेले होते. गुजरातेत कामाला गेलेली माणसं पळून गावी परतत होती. एक नवराबायको आले, त्यांना गावाने आत घेतलं नाही. वेशीबाहेरच्या झापात, कुडाच्या झोपडीत ठेवलं. त्यांची मुलगी तुझ्या वर्गात होती. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या काशीबाईंनी भाकऱ्या थापल्या, पण नेऊन द्यायच्या कुणी?

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मी नेल्या."

"तू?"

"रोज नेल्या. काही झालं नव्हतं त्यांना. साधा सर्दीतापही नव्हता. पण तेव्हा कुठं माहीत होतं? भाकरी हातात द्यायचो, मुलगी कशी आहे ते सांगायचो, आणि ओहोळावर जाऊन हात घासत बसायचो. रक्त येईपर्यंत."

"बाकीचे पळाले आणि तू थांबलास? तू?"

तू हसलास. "माझ्याकडे रोजच प्लेग असतो, सुमे. त्यांची पहिलीच वेळ होती, म्हणून ते पळाले."

या वाक्यावर मी आजवर कुणाला काही बोलू दिलेलं नाही, आणि देणारही नाही. ज्याला भीती वाटत नाही तो धीट, असं मानतात लोक. मानू देत.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा जवळ आल्या असताना, मी तुला भेटायला आले होते. मलमाच्या ट्यूबा, सुती हातमोजे, आईने दिलेल्या शेवया घेऊन. शाळेची विहीर आटली होती. बायका खालच्या झऱ्यावरून हंडे भरून चढण चढत होत्या. वाटीवाटीने पाणी गोळा करायचं, हंडा भरेस्तोवर तिथंच बसायचं. तुझ्या खोलीबाहेर मात्र बादल्या भरलेल्या होत्या. मास्तरांना पाणी लागतं हे गावाने मान्यच केलं होतं. मी ओसरीवर बसले होते तेव्हा काशीबाई आल्या. हंडा उतरवला, पदराने तोंड पुसलं आणि जरा घुटमळून म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका. तुमच्या हातांना जेवढं पानी लागतं ना, तेवढ्यात माझं सारं घर भागतं."

त्या भांडायला आल्या नव्हत्या. जे होतं ते त्यांनी सांगितलं आणि भाकऱ्यांकडे गेल्या. तू कितीतरी वेळ त्या बादल्यांकडे बघत राहिलास. मला वाटलं, आता हा ट्रंक भरणार. वाटलं, बरं झालं, घरी चल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तू हंडा उचललास. मी विचारलं, "कुठं?"

"झऱ्यावर."

"अरे, पैसे देऊन कुणी आणून देईल."

"माझ्या भीतीचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर नको."

मी तुझ्या मागोमाग उतरले. झऱ्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मास्तर आणि हंडा! त्यांच्यातल्या एका म्हातारीने चुंबळ करून तुझ्या डोक्यावर ठेवली. तिची चुंबळ, तिच्या घामाने ओली झालेली, तुझ्या डोक्यावर. तू डोळे मिटलेस. मग तू हंडा घेऊन चढलास. निम्मं पाणी अंगावर सांडलं. पहिला हंडा तू शाळेच्या टाकीत ओतलास आणि दुसऱ्यासाठी पुन्हा उतरलास. तो तुझा होता.

त्या उन्हाळ्यानंतर तुझे हात धुणं कमी झालं असेल, असं ज्याला वाटत असेल त्याने वाटून घ्यावं. तसं काही झालं नाही. तूच मला म्हणालास, "डोक्यावर घेतलं की कळतं ते किती जड आहे. तरी धुवावं लागतंच गं." पण तिथं असेपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात स्वतःचं पाणी स्वतः वाहिलंस.

लग्नाचं म्हणशील, तर सटाण्याची ती मुलगी मला फार आवडली होती. घरचा कांद्याचा व्यापार, बोलायला मोकळी. तू तिला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलंस, तर ती म्हणाली, "आमच्या घराला कायम कांद्याचा वास असतो, तो चालेल का तेवढं सांगा." म्हणजे तिची तयारी होती. नकार तू दिलास. "रोज दारात उभं करून तिला पाय धुवायला लावायचे आणि वर तिने माझ्यावर माया करायची? का म्हणून?" मी म्हटलं, ते तिला ठरवू दे. तू ऐकलं नाहीस. तिथं तू चुकलास दादा. तू गेलास म्हणून मी ते शब्द गिळणार नाही.

आणि आपलं मोठं भांडण. तू नाशकात बदलून आल्यानंतरचं. माझ्या ओळखीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे तुला नेण्यासाठी मी किती महिने तुझ्या मागे लागले होते! शेवटी आलास, त्यांच्या खुर्चीवर रुमाल अंथरून बसलास. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, हा आजार आहे. तुमचा स्वभाव नाही आणि तुमची शिस्तही नाही." बाहेर आल्यावर तू जिन्यातच थांबलास. म्हणालास, "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच असा आहे."

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलेला सरावही तू मन लावून करायचास, कडीला हात लावायचा आणि धुण्याआधी थांबायचं, रोज थोडं जास्त. पावसाळा संपत आला होता. गंगापूर रोडला एका हातगाडीवरून तू पेरू घेतलास. शर्टाला पुसलास आणि खाल्लास. चालता चालता, माझ्याशी शाळेतल्या कुठल्याशा कटकटीबद्दल बोलत. मी श्वास रोखून चालत राहिले. तुझ्या हनुवटीला पेरूचं बी चिकटलं होतं.

आणि मग तू गोळ्या सोडल्यास.

"वर्गात पेंग येते," म्हणालास. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. मग खरं बोललास. "सुमे, मी गोळीने शूर झालो तर त्यात माझं काय?"

"चष्मा लावून वाचतोस, तेव्हा कोण वाचतं? तू की चष्मा?"

तू आईला चहा टाकायला सांगितलंस. पुढची सगळी वर्षं मी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आणि तू दर वेळी चहाच सांगितलास. तू जायच्या आदल्या आठवड्यातही फोनवर आपलं हेच झालं. मी चिडून म्हटलं, "वाहत बस हंडे!" आणि तू हसलास. मी बोलले ते खरंच होतं. वाहायची गरज नव्हती तेव्हाही तू वाहत राहिलास.

अस्थींवरून घरात रण झालं, ते तुला सांगायलाच हवं. काका म्हणाले, "अख्खा देश अस्थी घेऊन आपल्या रामकुंडावर येतो आणि आपण दारातलं सोडून जायचं?" मी म्हटलं, "त्याने जिवंतपणी त्या पाण्यात पायाचं बोट बुडवलं नाही." काका म्हणाले, "मेल्यावर कसली आली घाण?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तुझा आजार आता मला लागला. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आई बोलली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "त्याला नको होतं ना? मग नको. जन्मभर त्याचं कुणी ऐकलं नाही. आता ऐका."

मी आणि आई सुरगाण्याला गेलो. जीपमध्ये आत बसून, माणसांच्या गर्दीत, तुला मांडीवर घेऊन. तुला आवडलं नसतं. इलाज नव्हता. काशीबाई आता थकल्यात, दिसतं कमी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. मग मला विचारलं, "मास्तरांचे हात बरे झाले होते का?"

इतक्या माणसांनी इतकं विचारलं होतं. विमा होता का, पेन्शन कुणाला, छातीत कधीपासून दुखत होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही झाले," मी म्हटलं.

"नाय का," त्या म्हणाल्या, आणि आमच्याबरोबर निघाल्या. जागा त्यांनीच दाखवली. झऱ्याच्या पार खालच्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली, पिण्याच्या पाण्याला काही लागणार नाही अशी. तू हेच आधी विचारलं असतंस, म्हणून मी दोनदा खात्री करून घेतली. खड्डा खणला, तुला मातीत ठेवलं. आई म्हणाली, "इथं स्वच्छ आहे रे."

आज तेरावं झालं. जेवणं आटोपली होती, माणसं सुपारी कातरत बसली होती. काका परत तुझ्यावर आले. नोटा, इस्त्री, पाल. सगळे हसले. मी उठून स्वयंपाकघरात गेले, तर तिथं काकांची नात, प्राजू. दहावीला आहे यंदा. गॅसच्या शेगडीसमोर उभी. बटण बंद आहे की नाही ते बघायची, दोन पावलं दाराकडे जायची, परत येऊन बघायची. मला पाहिल्यावर दचकली आणि हात मागे लपवले. बोटांची टोकं पांढरी पडली होती. भिजून भिजून पडतात तशी.

"किती दिवस?" मी विचारलं.

ती रडायला लागली. "आत्या, घरी नको सांगू. आजोबा म्हणतील, अरविंदकाकासारखी झाली." मग हुंदका आवरून म्हणाली, "काका वेडे होते का गं?"

"नाही. घाबरट होता. पण भीत भीत सगळीकडे जायचा. तुला सांगते कुठं कुठं गेला ते."

आणि तिथंच ओट्याला टेकून मी तिला सगळं सांगितलं. झापातल्या भाकऱ्या, झरा, हंडा. ती मध्येच एकदा बटणाकडे बघायची, मी थांबायचे, मग पुढं सांगायचे. पेरूचंही सांगितलं. गोळ्या सोडल्यास ते आणि त्यानंतरची सगळी वर्षंही सांगितली. तुझ्यातला निम्माच दादा मी तिला दिला नाही.

मग तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि भरल्या बैठकीत सांगितलं की हिला मी डॉक्टरांकडे नेणार आहे, कसल्या ते नाव घेऊन सांगितलं. काकांच्या हातातला अडकित्ता थांबला. "अगं, पोरीच्या जातीला असं चारचौघांत... उद्या स्थळं यायची आहेत."

"येऊ देत," आई म्हणाली. "डॉक्टरकडे जाते म्हणून नाही म्हणणारं स्थळ आपल्याला नको."

काका पुन्हा सुपारी कातरायला लागले. प्राजूची आई मात्र उठून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

परवा सकाळची वेळ घेतली आहे. तेच डॉक्टर, तोच जिना. गोळ्या दिल्या तर ती घेईल आणि मध्येच सोडायला लागली तर मी तिच्या दारात जाऊन बसेन. तुझ्याशी हरलेलं भांडण मी या पोरीच्या बाबतीत जिंकणार आहे, दादा. तुला हे पटणार नाही, ठाऊक आहे मला.

नको पटू दे.

तुझी
सुमी